गाय खाईल ते या बादलीत

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीमागे बायोगॅसची टाकी आहे आणि तिची देखभाल बरीच वर्षं माझ्याकडे आहे. गावाभोवती सगळा ऊस, जवळपास साखर कारखाने. त्यामुळे टाकाऊतून उपयोगाचं काही करणं हा विषय आमच्याकडे पुस्तकाच्या आधी वाऱ्यावरून येतो. गळीत हंगामात तर खिडकी उघडली की येतो. जिवाणूंच्या मदतीने कचऱ्यापासून गॅस होतो, खत होतं, गाड्यांचं इंधन होतं, हे सगळं खरं आहे. ते होताना जवळून जे दिसलं आणि मनात राहिलं, ते इथे मांडते आहे.

१. जिवाणूंच्या लेखी कचरा नावाची वस्तूच नाही. उरलेला भात, शिळ्या पोळ्या, बटाट्याची सालं, आंबलेली आमटी, हे सगळं त्यांच्यासाठी अन्न. आम्ही लहानपणापासून पाहिला तो गोबरगॅस, म्हणजे शेणाचा. त्यामुळे गॅस म्हटलं की शेण हवंच, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी या समजुतीकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिलं. हे जिवाणू जनावराच्या पोटातलेच, मग जनावराने खाऊन, पचवून, उरलेलं त्यांना देण्याऐवजी जनावर जे खातं तेच का देऊ नये? शेणातलं सोपं अन्न गाईने आधीच घेतलेलं असतं. पिठूळ, गोड खरकट्यात ते सगळं शिल्लक असतं, म्हणून त्यातून वजनाच्या मानाने कितीतरी जास्त गॅस येतो आणि लवकर येतो. या घरगुती संयंत्राला २००६ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. आमच्या टाकीत शेण पडलं ते सुरुवातीलाच, दुधाला विरजण लावावं तसं. हा विचार किती साधा आहे, आणि तो सुचायला किती मोकळं डोकं लागलं असेल, हे दर वर्षी नव्या वर्गाला सांगताना मला पुन्हा जाणवतं.

२. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगानेच काम होतं. टाकीत दोन जमाती नांदतात. पहिली जमात भाताचं, पोळीचं आम्लात रूपांतर करते. ती चपळ, काही तासांत दुपटीने वाढणारी. दुसरी त्या आम्लापासून मिथेन करते. विज्ञान तिला जिवाणूंपासून वेगळं काढून आर्किया म्हणतं. ती संथ, दुप्पट व्हायला दिवस घेणारी, आणि थोडी आम्लता वाढली तरी काम थांबवणारी. सणाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी घमेली भरभरून जिलेबी, पुलाव उरतो. सगळं आजच टाकलं तर गॅस भरपूर मिळेल, असं मुलींना वाटतं. प्रत्यक्षात पहिली जमात त्यावर तुटून पडते, आम्ल साचतं, दुसरीला ते उपसवत नाही आणि टाकी आंबते. म्हणून आम्ही काट्यावर तोलून टाकतो, पीएच कागदाचा रंग साताच्या आसपास आहे ना ते पाहतो, आणि जास्तीचं अन्न कंपोस्टच्या खड्ड्यात जातं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्रात हाच पेच फार सुरेख सोडवला. पहिल्या टाकीत हवा आणि गरम पाणी देऊन अन्न मऊ करून घ्यायचं, दुसऱ्या बंद टाकीत मिथेनवाल्यांना निवांत काम करू द्यायचं. घाई आपल्याला असते. उद्‌घाटनाची तारीख आधी ठरवून टाकी नंतर बांधणाऱ्यांना मी हेच सांगते, की मिथेन करणारी मंडळी जम बसवायला महिनाभर तरी घेतात. पाहुण्यांना तोवर थांबू द्या.

३. सगळं तंत्रज्ञान बादलीपाशी ठरतं. टाकी सुरू झाली तेव्हा काय टाकावं, काय टाकू नये, याची लांबलचक यादी जेवणघरात लावलेली होती. खरकट्याची जबाबदारी घेणाऱ्या मावशी ती बघून म्हणाल्या, “मॅडम, एवढं कोण वाचतंय? गाय खाईल ते या बादलीत, बाकीचं त्या बादलीत, एवढंच सांगा पोरींना.” यादी उतरवली, मावशींचं वाक्य लावलं, आणि बादलीतून चमचे, टिश्यू, दुधाच्या पिशवीचे कोपरे जवळजवळ दिसेनासे झाले. लिंबाची सालं तेवढी वेगळी ठेवायला सांगावं लागलं, कारण त्यांतल्या तेलाने जिवाणूंचं काम मंदावतं. अंड्याची टरफलं आणि नारळाच्या शेंड्या कोणी घातल्या तरी तशाच तळाला बसून राहतात. एकदा एका मुलीने विचारलं, “पण मावशी, रस्त्यावरची गाय तर प्लास्टिकपण खाते.” मावशी म्हणाल्या, “ती भुकेनं खाते, बाळ.” त्या दिवसाचा माझा तास यापेक्षा जास्त काही सांगू शकला नाही.

इंदूरला २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर चालणारं मोठं संयंत्र आहे, त्या गॅसवर शहराच्या बस धावतात. तिथलं यश यंत्रांचं आहेच, पण त्याआधी ते घरोघरच्या वेगळ्या डब्यांचं आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेतल्या कचरावेचक बाया दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा घेतात. जैवतंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात या बायांवर एक प्रकरण असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

४. निळी ज्योत फुकट मिळत नाही. बायोगॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि किंचित हायड्रोजन सल्फाइड असतो. हा शेवटचा म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा. डाळ, अंडी, कोबी यांतल्या गंधकामुळे तो वाढतो आणि शेगडीचं पितळ खातो. गावातल्या लेथच्या दुकानातून आम्ही लोखंडाचा कीस आणतो, पाणी मारून गंजू देतो आणि पाइपात भरतो. गॅस त्यातून गेला की तांबूस गंज गंधक धरून ठेवतो आणि काळाकुट्ट होतो. वास गेलेला असतो. मग तो काळा कीस बाहेर फरशीवर पसरायचा. हवा लागली की तो हाताला गरम लागायला लागतो आणि बघता बघता पुन्हा तांबडा होतो, पुन्हा वापरता येतो. रसायनशास्त्राचं एक पूर्ण समीकरण फरशीवर रंग बदलताना पाहिलं की मुली वहीत लिहायचं विसरतात. मी त्यांना आठवण करत नाही.

५. टाकीत जेवढं जातं, जवळजवळ तेवढंच बाहेर येतं. या गोष्टीने मला सगळ्यांत जास्त नम्र केलं. गॅस म्हणजे त्या वजनाचा लहानसा भाग. पन्नास किलो खरकटं आणि तेवढंच पाणी घातलं, तर शंभरेक लिटर करडी-काळी स्लरी दुसऱ्या तोंडातून येतेच, रोज येते. नत्र, स्फुरद, पालाश सगळं तिच्यात. खत म्हणून ती उत्तम. पण शंभर लिटर रोज म्हणजे वसतिगृहाच्या बागेच्या आवाक्याबाहेरचं काम. कोणीतरी ती न्यायला हवी.

शेजारी केळी आणि हत्तीगवत लावलेले एक शेतकरी आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांना स्लरी देऊ केली तेव्हा आनंदाने घेतील असं गृहीत होतं. अण्णांनी बोट बुडवून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, “मॅडम, पोरींच्या जेवणातलं मीठ माझ्या रानात येणार का?” कृष्णा-वारणेच्या काठाला भरमसाट पाण्याने कितीतरी जमिनी खारवट, चोपण झाल्या आहेत. ज्याने बांधापलीकडच्या जमिनीवर पांढरे थर चढताना पाहिले, त्याला हा प्रश्न आधी सुचणारच. आणि तो बरोबर होता. शेणाच्या स्लरीत फारसं मीठ नसतं, भाजी-आमटीच्या स्लरीत असतं. आम्ही माती तपासणीच्या प्रयोगशाळेत स्लरीची विद्युत वाहकता काढून आणली, तिच्यावरून क्षारांचा अंदाज येतो. पाण्यात किती पातळ करायची, एका वाफ्याला किती दिवसांनी द्यायची, कोणत्या तुकड्याला अजिबात द्यायची नाही, हे अण्णांबरोबर बसून ठरवलं. आता दर पावसाळ्यानंतर त्या मातीचा नमुना तपासला जातो. अण्णांची केळी छान आहेत. पण त्यांनी तो प्रश्न विचारला नसता, तर एका जागची घाण उचलून दुसऱ्याच्या शेतात नेऊन ठेवल्यासारखं झालं असतं, आणि त्यालाच आम्ही खत म्हणत राहिलो असतो.

६. एका टाकाऊची विल्हेवाट लावताना दुसरं टाकाऊ जन्माला येतं. आमच्या भागात हे समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. एक टन ऊस गाळला की साखर निघते शंभरेक किलो. बाकीचं? तीनशे किलोच्या आसपास बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, चाळीसेक किलो मळी, तीस-चाळीस किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावरचा गाळ. बगॅस बॉयलरमध्ये जळून वीज देतं. मळीवर यीस्ट सोडलं की अल्कोहोल, म्हणजे आजचं इथेनॉल, जे पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. प्रेसमडपासून आता गाड्यांत भरण्याजोगा दाबलेला बायोगॅस करतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आणल्यापासून कारखान्यांचं लक्ष तिकडे वळलं. शेतकऱ्याने ऊस घातला आणि त्याचा कण न्‌ कण वापरात आला, हे ऐकायला फार चांगलं वाटतं. बरंचसं खरंही आहे.

पण आसवनीच्या, म्हणजे हे अल्कोहोल तयार होतं त्या कारखान्याच्या, मागच्या बाजूला जावं. यीस्टने साखर खाल्ल्यावर, अल्कोहोल उडवून घेतल्यावर जे तपकिरी, गरम, आंबट पाणी उरतं, ते स्पेंटवॉश. जुन्या पद्धतीत एक लिटर अल्कोहोलमागे ते दहा-पंधरा लिटर निघायचं. त्यातला सेंद्रिय भार इतका, की घरगुती सांडपाणी त्याच्यापुढे स्वच्छ म्हणावं. वर्तमानपत्रांत ‘मळीमिश्रित पाणी नदीत, माशांचा खच’ अशी बातमी येते तेव्हा हेच पाणी असतं. मासे विषाने मरतात असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा नदीतले जिवाणू त्या अन्नावर तुटून पडतात, पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि मासे गुदमरतात. म्हणजे टाकीत आपल्यासाठी राबणारी सूक्ष्मजीवांची सृष्टीच नदीत भरमसाट अन्न मिळालं की जीव घेते. फरक जागेचा आणि मात्रेचा.

यावर उपाय आहेत आणि नियमही कडक आहेत. स्पेंटवॉशपासून आधी बायोगॅस काढतात, मग त्याचं कंपोस्ट करतात किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळतात, आणि राखेतून पालाशयुक्त खत मिळवतात. तरी बायोगॅस काढल्यावरही तो तपकिरी रंग जात नाही, कारण तो रंग देणारी मेलॅनॉइडिन नावाची द्रव्यं जिवाणूंना सहजी फुटत नाहीत. म्हणून कोणत्याही प्रकल्पाच्या माहितीपत्रकावर हिरवं पान दिसलं, की मी शेवटच्या पाइपाचं तोंड कुठे उघडतं ते विचारते. साखळी तिथपर्यंत मोजली नाही, तर शाश्वत हा शब्द वापरायचा आपल्याला अधिकार नाही.

७. काही गोष्टी जिथल्या तिथे कुजणं हाच त्यांचा सर्वांत चांगला उपयोग. ऊसतोड झाली की हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात उरतं, आणि संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जाळ दिसतात. त्याच पाचटावर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि किलोभर कुजवणारे जिवाणू टाकून ते खोडव्याच्या सरीत दाबलं, तर ओल टिकते, तण दबतं आणि जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. कारखाना नको, टाकी नको. जाळणारा शेतकरी अडाणी नसतो. त्याला पाणी द्यायला सरी मोकळी हवी असते आणि मजूर मिळत नसतात. पाचट कुट्टीचं यंत्र वेळेवर भाड्याने मिळालं, तर जाळणारे हात आपोआप थांबतात, हे आमच्या पंचक्रोशीत दिसलं आहे.

८. हे ज्ञान नवं नाही, आणि किळस ही जिवाणूंपेक्षा चिवट गोष्ट आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस केला जात होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैल्याच्या खताचं आणि संडासाचं काम स्वतःच्या हातांनी केलं, तेही ज्या काळात असं काम करणाऱ्या सवर्णाला घरचे लोक पंगतीला घेत नसत. देहूला डॉ. सुहास मापुसकर सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून गेले आणि तिथलेच होऊन राहिले. रोग्यांना औषधं देता देता त्यांच्या लक्षात आलं की दुखणं उघड्या हागणदारीत आहे, आणि मग आयुष्यभर त्यांनी संडासाला जोडलेले बायोगॅस बांधले, लोकांना पटवले, गॅसवर स्वयंपाक करून दाखवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमची टाकी फक्त खरकट्याची, तरीही सुरुवातीला काही पालकांनी “त्या गॅसवर मुलींचं जेवण?” असं विचारलं. ज्योतीला जात नसते आणि वासही नसतो, हे त्यांना शेगडीजवळ उभं केल्यावरच पटलं. मापुसकरांच्या वाट्याला आलेल्या कामापुढे आमचं काम काहीच नव्हे, आणि या विषयाच्या इतिहासात त्यांचं नाव मुलींना माहीत नसावं, याचं मला दुःख होतं.

९. किती आणि किती दिवसांत, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय टाळी वाजवू नये. २०१६ साली जपानमध्ये बाटल्यांचं प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला, तेव्हापासून प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी मुलगी ती बातमी घेऊन येते. शोध खरा आहे, मोठा आहे. पण त्या जिवाणूला पातळ पापुद्रा संपवायला आठवडे लागतात, आणि आपल्या बाजारपेठेतली बाटली रोज नवी येते. लिंबाच्या सालीत गूळ-पाणी घालून केलेल्या ‘बायोएन्झाइम’चंही तसंच. फरशी पुसायला ते चांगलं, आम्हीही उरलेल्या सालींचं करतो. त्याने नदी शुद्ध होईल असं मात्र कोणी सांगू नये. आमच्या टाकीचे आकडेही मी तसेच उघडे सांगते. रोजच्या पन्नास किलो खरकट्यातून साधारण दोन किलो एलपीजीच्या तोडीचा गॅस, म्हणजे आठवड्याला घरगुती सिलिंडर एक. थंडीत त्याहून कमी. पैशांतच हिशेब मांडला तर तो झगमगीत नाही. पण तेच खरकटं कचरा डेपोवर ढिगाखाली कुजलं असतं, तर मिथेन झालाच असता आणि हवेत गेला असता. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट उष्णता धरून ठेवतो. हा फायदा बिलावर छापून येत नाही, पण तो फायदाच आहे.

१०. जिवाणूंना सुट्टी नसते. दिवाळीत वसतिगृह ओस पडतं. तरी मावशी एक दिवसाआड येऊन पिठाचं थोडं पाणी घालून जातात, म्हणून मुली परतल्यावर दुसऱ्याच दिवशी शेगडी पेटते. आजूबाजूला मी बंद पडलेल्या पुष्कळ टाक्या पाहिल्या आहेत. त्यांतल्या फारच थोड्या विज्ञानाच्या चुकीने बंद पडल्या. बांधायला अनुदान होतं, रोज अन्न घालणाऱ्याच्या पगाराला नव्हतं. आमच्या अंदाजपत्रकात मावशींच्या मानधनाचा रकाना कायमचा घालून घेणं, हे माझ्या हातून झालेलं सगळ्यांत उपयोगी काम आहे असं मी मानते. त्यात सूक्ष्मजीवशास्त्र काहीच नव्हतं.

तुमच्या सोसायटीत, शाळेत, मंगल कार्यालयात अशी टाकी बसवायचा विचार असेल, तर आधी पंधरा दिवस नुसतं खरकटं तोलून पाहा, स्लरी कोण नेणार ते ठरवा, आणि रोज टाकीपाशी उभं राहणाऱ्या माणसाचा पगार नक्की करा. कंपनीला फोन त्यानंतर करा. आमची टाकी बघायची असेल तर सकाळी या, कारण अन्न तेव्हाच घालतात. आल्यावर आधी मावशींशी बोला.